बाबांना संध्याकाळी पाचलाच जेवायला बसवतोय, बरोबर करतोय ना?

पत्र थोडक्यात सांगते. लिहिणारा पुण्याचा आहे, वय ३६, आयटीत आहे, अमेरिकेच्या क्लायंटसाठी संध्याकाळी सहा ते पहाटे तीन घरूनच काम करतो. सोबत आई (६७) आणि बाबा (७२). बाबांना चौदा वर्षं डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे पण "अजून पिकला नाही" म्हणून ऑपरेशन राहिलंय. गेली दोन-तीन वर्षं बाबा रात्री आठलाच पेंगायला लागतात आणि पहाटे तीनला टक्क जागे. हा लॅपटॉप मिटून पाणी प्यायला बाहेर येतो तेव्हा बाबा हॉलमध्ये अंधारात सोफ्यावर बसलेले असतात. "ते बघून पोटात तुटतं, ताई," असं त्याने लिहिलंय.

मग त्याने एक व्हिडिओ बघितला. अमेरिकेतल्या जोसेफ ताकाहाशी नावाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना ठरावीक वेळातच खायला दिलं आणि त्यांचं आयुष्य ३५ टक्क्यांनी वाढलं, असं त्यात होतं. त्यानंतर घरात नियम झाला, बाबांचं रात्रीचं जेवण संध्याकाळी पाचला आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. चार महिने झाले. बाबा निमूट ऐकतात. वजन ६४ वरून ५९ वर आलंय. आई नऊला एकटी जेवते आणि आता याच्याशी नीट बोलत नाही. झोप येण्यासाठी घेतात त्या मेलाटोनिनच्या गमीजही (चघळायच्या गोळ्या) मागवून ठेवल्यात, अजून दिल्या नाहीत. प्रश्न असा की आईला हे विज्ञान कसं पटवायचं, आणि बाबांच्या शरीरातलं झोप-जागेचं बिघडलेलं घड्याळ किती दिवसांत दुरुस्त होईल?

उत्तर:

तू मला ताई म्हटलंस म्हणून मीही अरे-तुरेच करते.

बाकी सगळं नंतर वाचलंस तरी चालेल पण हे आज कर. बाबांच्या डायबिटीसच्या गोळ्यांची पट्टी काढ आणि डॉक्टरांना फोन करून सांग की ते रोज सोळा तास उपाशी राहतायत. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न असो नसो, त्या इन्सुलिन सोडायला लावतातच. मग रात्रीत साखर खाली जाते, घाम येतो, छातीत धडधडतं, हात थरथरतात आणि माणूस जागा होतो. मी डॉक्टर नाही आणि बाबांना हेच होतंय असं मी म्हणत नाहीये, पण पहाटे तीनला जाग येणाऱ्या डायबिटीसच्या माणसाची साखर एकदा तरी त्या वेळी तपासायला हवी की नको? तू त्या वेळी जागाच असतोस, ग्लुकोमीटर आणून एक-दोन दिवस बघ. आणि डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत पाचनंतर काही नाही हा नियम बंद. गोळ्यांच्या वेळा मात्र आपल्या मनाने पुढेमागे करू नका.

दुसरं, ते पाच किलो. तुझ्या पत्रात ते यश म्हणून आलंय, मला वाचताना भीती वाटली. ७२ व्या वर्षी ६४ किलोच्या माणसाचे पाच किलो चार महिन्यांत जातात तेव्हा त्यात नुसती चरबी जात नाही, मांड्या-दंडाचं मांसही जातं, आणि या वयात गेलेलं मांस सहजासहजी परत येत नाही. बाबांना हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का ते बघ.

आता ताकाहाशींच्या प्रयोगाकडे येऊ, कारण तू अंधविश्वासाने काही केलेलं नाहीयेस, खऱ्या आणि फार मोठ्या कामावर विश्वास ठेवलायस, फक्त ते काम अर्धंच तुझ्यापर्यंत पोचलंय. ताकाहाशी या विषयातले खरोखर मोठे शास्त्रज्ञ आहेत. १९९४ मध्ये ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात असताना त्यांच्या टीमला एक उंदीर सापडला ज्याचा 'दिवस' बाकीच्यांपेक्षा लांब होता, आणि तो जीन त्यांनी १९९७ मध्ये नेमका शोधून काढला. त्याचं नावच क्लॉक. माशीत असा जीन १९७१ मध्ये सापडला होता, त्या माशीच्या घड्याळाचं काम उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, पण सस्तन प्राण्यांत शरीराचं घड्याळ कुठल्या भागांनी चालतं ते कळायला सुरुवात या उंदरापासून झाली.

तू बघितलास तो प्रयोग २०२२ चा, टेक्सासमधल्या डॅलसचा. शेकडो उंदीर, चार वर्षांचं काम, खाणं द्यायला ऑटोमॅटिक मशीन. उंदरांचे सहा गट होते. एका गटाला हवं तेव्हा हवं तेवढं खाणं, आणि बाकीच्या पाचही गटांना रोजच्यापेक्षा ३० टक्के कमी. हे "कमी" बहुतेक तुझ्या व्हिडिओतून निसटलं. कमी खाणं दिवसरात्र थोडं थोडं वाटून दिलं तेव्हा उंदीर साधारण १० टक्के जास्त जगले. तेवढंच खाणं त्यांच्या झोपेच्या वेळात दिलं तेव्हा २० टक्क्यांच्या आसपास, आणि जागेपणाच्या वेळात दिलं तेव्हा ३५ टक्के. गंमत म्हणजे या पाचही गटांची वजनं जवळपास सारखीच होती. म्हणजे वजन घटल्यामुळे आयुष्य वाढलं असं नाही, कधी खाल्लं त्यानेही फरक पडला, आणि हे खरंच थक्क करणारं आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यात तेच होतं.

पण आता तुझ्या घरी ये. ते सगळे नर होते, एकाच जातीचे, पिंजऱ्यातले. त्यांचं खाणं कमी केलं ते जन्मानंतर सहा आठवड्यांनी, म्हणजे उंदीर जेमतेम वयात येतो तेव्हा. म्हाताऱ्या उंदरांना पकडून एक दिवस अचानक उपाशी ठेवलेलं नाही. पोटभर खाणं पण फक्त वेळ बांधलेली, असा गट त्या प्रयोगात नव्हताच. त्यामुळे "वेळेवर खाल्लं की ३५ टक्के" हे वाक्य त्या प्रयोगातून निघतच नाही. आणि उंदीर निशाचर प्राणी. त्याची फायद्याची वेळ म्हणजे रात्र, कारण तो रात्री जागा असतो. तेव्हा त्या प्रयोगातून घ्यायचंच तर इतकंच घेता येईल की शरीर जागं असतं त्या वेळात खाणं बरं, झोपेच्या वेळात नको. संध्याकाळी पाच हा आकडा त्यात कुठेच नाही.

माणसांवरचं काम बरंच लहान आणि उलटसुलट आहे. २०१८ मध्ये डायबिटीसच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनच्या आत जेवण संपवायला लावलं, वजन न घटताही त्यांचं इन्सुलिन जास्त चांगलं काम करायला लागलं. चांगली गोष्ट आहे, पण माणसं आठ. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूत १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, सगळ्यांना कॅलरी कमी, त्यातल्या अर्ध्यांना शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढाच वेळ. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक निघाला नाही. बाबा लठ्ठ नाहीत, उंबरठ्यावरही नाहीत, त्यांना चौदा वर्षं डायबिटीस आहे. यातलं काहीच त्यांच्यासारख्या माणसावर केलेलं नाही.

आता तू जे गृहीत धरलंयस, बाबांचं घड्याळ बिघडलंय, त्याबद्दल. पूर्वी शास्त्रज्ञांनाही असंच वाटायचं की वयाबरोबर आतलं घड्याळ वेगळ्या गतीने चालायला लागतं. मग १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या टीमने तरुण आणि सदुसष्टीच्या आसपासची माणसं जवळजवळ महिनाभर लॅबमध्ये ठेवली, बाहेरच्या वेळेचा कुठलाच पत्ता नाही, मंद उजेड आणि २८ तासांचा दिवस. घड्याळ मोजलं तर दोन्हीकडे सरासरी २४ तास आणि ११ मिनिटं. म्हातारपणात घड्याळाची गती बदललेलीच नाही! बदलतं ते वेगळंच असतं. झोप-जागेची वेळ अलीकडे सरकते, गाढ झोप कमी होते, दिवस आणि रात्र यांच्यातला शरीराला जाणवणारा फरक फिका होतो. म्हाताऱ्या उंदरांवरच्या २०१७ च्या कामातही असंच दिसलं, पेशींमधलं मुख्य घड्याळ टिकटिक करतच होतं, पण त्याच्या सांगण्यावरून पेशी जी कामं करायच्या ती कामं बदलली होती.

माझी आजी चारला उठायची. अंधारात चूल, सडा, तुळशीला पाणी, आणि सगळे तिचं कौतुक करायचे की बाई पहाटेची उठते. दुपारी ती तासभर आडवी व्हायची आणि रात्री आठला तिचे डोळे मिटायचे. बाबांचंही वेळापत्रक तेच आहे रे, फक्त बाबांना पहाटे करायला काही नाही, आणि हॉलमध्ये अंधार आहे. आठ ते तीन म्हणजे सात तास होतात, दुपारची डुलकी वेगळीच. तू मोजलंयस का कधी? मला तरी त्यांची झोप कमी पडतेय असं वाटत नाही, त्यांची झोप फक्त तुमच्या झोपेच्या वेळेत येत नाही. आणि ते त्या सोफ्यावर बसून काय करत असतात हे तू त्यांना विचारलंस का? पत्रात कुठे दिसलं नाही. ते शांतपणे चहाची वाट बघत असतील तर वेगळं, आणि मनाला काही लागून राहिलं असेल तर वेगळं, कारण फार लवकर जाग येणं आणि पहाटे उदास वाटणं हे डिप्रेशनमध्येही होतं. लघवीला उठावं लागतं का, घोरताना श्वास अडकतो का, हेही विचार. आई सांगेल.

खरा उपाय मला उजेडात दिसतो. आपलं मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर असतं, साधारण वीस हजार पेशींचा ठिपका. ते रोज वेळेला लागतं ते मुख्यतः डोळ्यातून येणाऱ्या उजेडावर, त्यातही निळसर उजेडावर. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, मोतीबिंदू असला तर अजून, आणि निळा उजेडच आधी अडतो. म्हणजे बाबांच्या घड्याळाला वेळ कळवणारा उजेडच आत कमी पोचतोय, आणि आपण त्यांचं जेवण काढून घेतोय. उजेड लक्समध्ये मोजतात; घरातल्या ट्यूबखाली शंभर ते तीनशे लक्स असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा हजारोंनी. नेदरलँड्समध्ये १२ वृद्धाश्रमांत १८९ जणांवर एक अभ्यास झाला होता, २००८ मध्ये आला, त्यातल्या बहुतेकांना डिमेन्शिया होता. काही ठिकाणी बैठकीच्या खोलीत दिवसभर, नऊ ते सहा, छतावरून साधारण हजार लक्सचा उजेड ठेवला. तिथे बुद्धीची घसरण थोडी, साधारण ५ टक्के कमी झाली आणि उदासीची लक्षणं १९ टक्के कमी. गोळी नाही काही नाही, नुसते दिवे!

त्याच अभ्यासात मेलाटोनिनही होतं, आणि तुझ्या गमीजबद्दल मला म्हणून काळजी वाटतेय. मेलाटोनिनने झोप लवकर लागली, पण ज्यांना जादा उजेडाशिवाय नुसतं मेलाटोनिन दिलं ती माणसं जरा आपल्यातच मिटल्यासारखी, उदास झाली. शिवाय विचार कर, जो माणूस आठलाच झोपतोय त्याला झोप लवकर आणणारी गोळी कशाला? डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पाकीट उघडू नकोस.

मी तुझ्या जागी असते तर मोतीबिंदूसाठी नेत्रतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली असती. "पिकायला" हवा हे जुनं झालं, आता दिसायला अडचण व्हायला लागली की करतात, साखर आटोक्यात असावी लागते इतकंच. बाबांना फिरायला पाठवायची वेळ बदलली असती. पहाटे पाचला अंधारात फिरून घड्याळाला काही कळत नाही, आणि ज्याचं घड्याळ आधीच अलीकडे सरकलंय त्याला भल्या पहाटेचा झगझगीत उजेड अजून अलीकडे ढकलू शकतो. त्यापेक्षा सकाळी उशिरा, नऊ-साडेनऊला, आणि परत संध्याकाळी ऊन उतरता उतरता, बागेत, पारावर, कुठेही, पण उघड्यावर. संध्याकाळी सात ते नऊ हॉलमध्ये भरपूर उजेड, तो एकच पिवळा झिरो बल्ब लावून टीव्ही बघायची सवय असेल तर मोडायची. त्या वेळी बाबांना काहीतरी काम द्यायचं, भाजी निवडणं म्हण, नातवंडाशी व्हिडिओ कॉल म्हण. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत. आणि पहाटे तीनला बाथरूमच्या वाटेवर छोटा मंद पिवळा दिवा, म्हणजे पडायची भीती नाही आणि डोळ्यांवर झोतही नाही. एवढ्याने झोपेची वेळ आठवरून नऊ-साडेनऊवर गेली तरी खूप झालं. नाही गेली तरी ते आजारी आहेत असं समजू नका.

आता जेवण आणि आई. उंदरांवरच २००० च्या सुमारास दिसलं होतं की खाण्याची वेळ हलवली की यकृताचं घड्याळ त्यामागे जातं, मेंदूतलं मुख्य घड्याळ मात्र उजेडालाच धरून राहतं. घरात पाचला बाबांचं ताट आणि नऊला आईचं, मध्ये बाबांना वाट बघायला काही नाही, कोणासोबत बसायला नाही, मग आठला झोप येणार नाही तर काय होईल? मला वाटतं तुझा नियम त्यांना उलट लवकर झोपवतोय. जेवणासाठी माणसं जमणं हेही दिवसाला एक खूण असते. तू म्हणशील जैन घरांत सूर्यास्ताआधीच जेवतात, त्यांचं काय. पण तिथे अख्खं घर एकत्र बसतं, लहानपणापासूनची सवय असते, श्रद्धा असते, एकट्या म्हाताऱ्या माणसाला कोणी बाजूला बसवत नाही.

म्हणून आईला विज्ञान पटवायचं हा प्रश्नच सोडून दे. आई विज्ञानाच्या विरोधात नाहीये. चाळीसेक वर्षं ज्या माणसासोबत ती रात्री जेवली तो माणूस तू तिच्या ताटासमोरून उठवलास, तिला न विचारता. तिला आधी जाऊन तेवढं सांग की माझ्याकडून हे झालं. मग दोघांना मिळून विचार, साडेसातला सोबत जेवायला जमेल का? आईची मालिका नऊची असेल तर ती जेवून बघेल. रात्रीचं जेवण हलकं, पण उपाशीपणा नाही, वाटीभर डाळ-उसळ, भाकरी, दही, जे काही डॉक्टर आणि डाएटिशियन डायबिटीस धरून सांगतील ते. झोपेच्या दोनेक तास आधी जेवण झालं, रात्री उठून खाणं नाही आणि सकाळचा नाश्ता वेळेवर, यात ताकाहाशींच्या प्रयोगातलं घेण्यासारखं होतं ते सगळं आलं.

आणि आता तू. पूर्ण पत्रात तुझ्याबद्दल दोनच ओळी आहेत, शिफ्ट आणि "मी एकच्या ब्रेकला काहीतरी मागवून खातो." अरे, या घरात घड्याळाच्या उलट जगणारा माणूस एकच आहे आणि तो ७२ वर्षांचा नाही! रात्रपाळीने माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये परत तपासून तेच कायम ठेवलं. तुला घाबरवायला हे लिहीत नाहीये, ईएमआय सगळ्यांनाच असतात आणि शिफ्ट उद्या सोडता येत नाही हे मला कळतं. पण खाण्याचं तुझ्या हातात आहे. बोस्टनमध्ये १९ निरोगी तरुणांना लॅबमध्ये रात्रपाळीसारखं जगायला लावलं होतं, २०२१ मध्ये निकाल आले. ज्यांनी रात्री खाल्लं त्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली, ज्यांनी रात्रपाळीतही खाणं दिवसाच ठेवलं त्यांची म्हणावी अशी वाढली नाही. वडिलांना डायबिटीस असलेल्या मुलासाठी मला हा प्रयोग ताकाहाशींच्या प्रयोगापेक्षा जवळचा वाटतो. शिफ्टच्या आधी साडेपाचला पोटभर जेव, साडेसातला पंधरा मिनिटं ब्रेक घेऊन आईबाबांसोबत ताटावर बस, चार घास तिथे खा, आणि मध्यरात्री फक्त पाणी किंवा ताक. खिडकीला जाड पडदा लाव, सुट्टीच्या दिवशी वेळ एकदम उलटी करू नकोस, आणि वर्षातून एकदा स्वतःची साखर तपास. ऑफिसमध्ये आलटून पालटून शिफ्ट मागता येते का ते विचारून ठेव.

ज्यांचे आईवडील गावाला एकटे आहेत आणि असंच लवकर उठतात, त्यांच्यासाठीही यातलं बरंचसं लागू आहे. फोनवर "झोप लागली का" असं रोज विचारू नका, त्याने झोपेची धास्तीच बसते. "आज बाहेर कुठे जाऊन आलात" असं विचारा. मोतीबिंदूची तपासणी आणि हॉलमधला चांगला दिवा, एवढं पुढच्या सुट्टीत करून या. रात्री पाय आवरत नाहीत, घोरताना श्वास थांबतो, दिवसा बसल्या जागी झोप लागते, वजन आपोआप उतरतंय किंवा आठवण एकदम कमी झालीय, असं काही दिसलं तर मात्र ते वय म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि तू, तीनला लॅपटॉप मिटल्यावर बाबा सोफ्यावर दिसले तर पाणी पिऊन सरळ खोलीत जाऊ नकोस. तो मंद दिवा लाव आणि दहा मिनिटं त्यांच्या शेजारी बस. डॉक्टर काय म्हणाले आणि महिन्याने बाबांचं वजन किती भरलं, ते मला कळव.